राणी आत मरते

३ सप्टेंबर, मंगळवार

वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात यंदाचं नाटक मी बसवणार. समितीत एकमतानं ठरलं. बायकोच्या मते एकमतानं म्हणजे मी बोलत होतो आणि बाकीचे चहा पीत होते.

दरवर्षी आमचं एकच चालतं. तीन दारं, दोन नवरे आणि कपाटात लपलेला मामा. यंदा बास. यंदा प्राचीन ग्रीक शोकांतिका. वाचनालयाच्या मागच्या कपाटात एक जुनं भाषांतर सापडलं. मुखपृष्ठ नाही, पहिली पानं नाहीत, त्यामुळे नाटकाचं नाव नाही आणि लिहिणाऱ्याचंही नाही. गोष्ट मात्र शाबूत आहे. शहराला शत्रूचा वेढा पडलाय. राजाला वाटतं, आपण स्वतः वेशीवर उभे राहिलो नाही तर वेस पडेल. महालात राणी आजारी. आंधळा ज्योतिषी बजावतो, आज घर सोडू नकोस. राजा सोडतो. वेस टिकते आणि राणी जाते.

उभा जन्म मी नगरपालिकेत इमारतींचे नकाशे तपासण्यात घालवला. नियमाला धरून केलेली गोष्ट देखणी असते, हे मला कुणी शिकवायला नको. ग्रीकांनाही ते पटलेलं दिसतं. सगळं एका दिवसात घडायला हवं. एकाच जागी घडायला हवं. बोलणारे नट तीन, बाकीचा गायकवृंद. सगळ्यांना मुखवटे. पडणारा माणूस मोठा हवा आणि तो स्वतःच्याच चुकीनं पडायला हवा. आणि सगळ्यात सुंदर नियम म्हणजे, मरण रंगमंचावर दाखवायचं नाही. माणूस आत मरतो, दूत बाहेर येऊन सांगतो.

हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती.

"राजा कोण?"

"डॉक्टर."

तिचा हात थांबला. "अहो, तुम्हाला दुसरं नाटक मिळालं नाही का?"

"याच्याइतकं शुद्ध मिळणार नाही."

"शुद्ध!" म्हणाली, आणि पुढची देठं जरा जास्तच जोरात मोडली. तिला नाटकातलं फारसं कळत नाही, पण आवाज छान आहे. गायकवृंदाची प्रमुख तिलाच करतो.

८ सप्टेंबर, रविवार

डॉक्टर हो म्हणाला.

डॉक्टर म्हणजे गुरांचा डॉक्टर, माझा शाळेपासूनचा मित्र. आवाज असा, की वळू जागच्या जागी उभा राहतो. पूर्वी आमच्या प्रत्येक नाटकात असायचा. गेल्या वर्षी त्याची बायको, आमच्या वहिनी, गेल्यापासून त्यानं हे सगळं सोडून दिलं. त्या दिवशी वहिनींना दवाखान्यात ठेवलेलं होतं, सकाळी बऱ्या होत्या. याला दूरच्या एका गोठ्यातून बोलावणं आलं, गाय विताना अडली होती. हा गेला. दुपारी वहिनी गेल्या. फोन लागेना. माझी बायको त्यांच्या उशाशी होती, म्हणून मीच गाडी काढली आणि सांगायला गेलो. चिखलात गुडघे टेकून, कोपरापर्यंत हात माखलेला, असा बसला होता. मी सांगितलं. "बरं," म्हणाला आणि परत गाईकडे वळला. मी बाहेर गाडीत थांबलो. बऱ्याच वेळानं आला, शेजारी बसला. घरापर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही. मोठ्या धीराचा माणूस.

त्याचं मन कशात तरी रमायला हवं, म्हणूनच हे नाटक त्याला दिलं.

"मी मरतो का यात?" त्यानं विचारलं.

"नाही रे. राणी मरते. पण आत."

"म्हणजे मला दिसत नाही?"

"कोणालाच दिसत नाही. नियम आहे तो."

डॉक्टर थोडा वेळ बोटानं टेबलावरचा डाग पुसत बसला. डाग जुना आहे, जात नाही. मग म्हणाला, "ठीक आहे. तू म्हणतोस तर."

१५ सप्टेंबर, रविवार

पहिली तालीम. ग्रीक नाट्यकलेची ओळख म्हणून छोटंसं भाषण केलं. बायको म्हणते, छोटंसं नव्हतं.

आंधळा ज्योतिषी आमचा गॅरेजवाला करतोय. मुखवटेही तोच बनवणार, गाड्यांचे पोचे भरायची लांबी वापरून. त्याची पहिली शंका, "साहेब, मी आंधळा. मग एकदा खांबाला धडकू का? लोक हसतील."

"लोकांनी हसायला नको म्हणून तर शोकांतिका घेतली!"

"अजिबात नाही हसायचं?"

"अजिबात."

तो बिचारा खट्टू झाला.

दूत आहेत ग्रंथपाल. अडचण एवढीच, की आयुष्यभर लोकांना गप्प बसवून त्यांचा स्वतःचाही आवाज बसलाय. वेढा फुटला, शत्रू पळाला, महालात आकांत उडाला, हे सगळं ते अशा सुरात सांगतात की जणू कोपऱ्यात कोणी वाचत बसलंय.

गायकवृंदात बायको आणि वाचनालयातल्या चार बायका. त्यांना काम समजावून दिलं: राजाला वेळोवेळी शहाणपणाचं सांगायचं, आणि राजानं ते ऐकायचं नाही.

"सवय आहे," बायको म्हणाली. चौघी फिदीफिदी हसल्या. शिस्तीचं अवघड दिसतंय.

२२ सप्टेंबर, रविवार

मुखवटे आले. गॅरेजवाल्यानं कमाल केली. राजाचा चेहरा तर भव्य, फक्त जवळ गेलं की रंगाचा आणि पेट्रोलचा वास येतो.

डॉक्टरनं मुखवटा चढवला आणि काढेनाच. चहा आला तरी तसाच बसून राहिला.

"अरे, काढ आता. गुदमरशील."

"आत बरं वाटतं," मुखवट्यातून आवाज आला.

भूमिकेशी इतक्या लवकर एकरूप झालेला नट मी पाहिलेला नाही. बायकोला तसं म्हटलं. ती डॉक्टरचा चहा झाकून ठेवायला गेली.

२९ सप्टेंबर, रविवार

दूताच्या प्रवेशाशी गाडी अडते. आज तिसऱ्यांदा तेच झालं. ग्रंथपाल 'राजा, महालातून आलो आहे' एवढं म्हणतात, की डॉक्टरला तहान लागते. पाणी प्यायला जातो तो परत येईपर्यंत गायकवृंदानं एकमेकींच्या घरची सगळी खबर घेतलेली असते. आज तर सलग तीन पेले प्याला. म्हटलं, साखर तपासून घे.

दोष ग्रंथपालांचा आहे. असं पुटपुटल्यावर समोरचा पेटणार कसा?

मी सगळ्यांना बसवून पुन्हा समजावलं. या नाटकाचा प्राण इथे आहे. सकाळी जो विजयी, तो संध्याकाळी पराभूत. आणि ज्या क्षणी दैव फिरतं त्याच क्षणी राजाला स्वतःची चूक उमगते. दोन्ही एकदम झालं पाहिजे. "आणि गंमत अशी," मी म्हटलं, "प्रेक्षकाला सगळं आधीपासून कळलेलं असतं. समोर उभ्या असलेल्या शहाण्यालाच तेवढं कळत नसतं!"

"फक्त राजालाच?" बायकोनं विचारलं.

"अर्थात. दुसरं आहे कोण नाटकात?"

गॅरेजवाल्याला खोकल्याची उबळ आली. लांबीचा भुगा छातीत जात असणार. त्याला तोंडाला फडकं बांधायला सांगितलंय.

डॉक्टरनं मात्र आज एक विचित्र प्रश्न काढला. "समज, राणीला मरताना इथेच दाखवलं तर? राजा समोर आहे, असं?"

"मग शोकांतिका उरणार नाही."

"तेच म्हणतोय मी," डॉक्टर म्हणाला.

त्याला बांधणीचा मुद्दा लक्षात येत नाहीये.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दूताचं काम मी घेतलं. ग्रंथपालांना हळुवारपणे सांगितलं, ते इतके खूश झाले की मला जरा लागलंच. ते आता संहिता धरून पडद्याआड बसतील आणि अडलेल्याला शब्द पुरवतील.

आज मी दाखवून दिलं दूत कसा असतो. फापटपसारा नाही, गळा काढणं नाही. सरळ चालत आलो, डॉक्टरच्या समोर उभा राहिलो आणि म्हटलं, "राजा, राणी गेली."

गायकवृंदातल्या चौघींची कुजबुज जागच्या जागी थांबली. मी मनात म्हटलं, याला म्हणतात काम!

डॉक्टरनं सावकाश मुखवटा उतरवला. खुर्चीवर ठेवला, नाक वर करून, नीट. "येतो," म्हणाला आणि निघून गेला. बाहेर त्याची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

आम्ही वाट पाहिली. शेवटी बायको म्हणाली, "येणार नाहीत ते आज." मग मला म्हणाली, "त्या दिवशीही तुम्ही याच आवाजात सांगितलं असणार हो."

"कोणत्या आवाजात?"

तिनं डॉक्टरचा मुखवटा उचलून फडक्यानं पुसायला घेतला. कौतुक असावं.

५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी डॉक्टरच्या दवाखान्यात गेलो. एक शेळी टेबलावर, तिची मालकीण शेळीचे कान धरून. डॉक्टर शेळीच्या खुरात घुसलेली तार काढत होता. शेळी माझ्याकडे संशयानं बघत होती.

"नाटक मस्त आहे," डॉक्टर म्हणाला. "माझ्यानं होणार नाही."

"अरे, दोन आठवडे राहिलेत!"

"दुसरा कुणी बघ."

"दुसरा आहे कोण? मान्य आहे, अवघड आहे. पण तू राजाला समजूनच घेत नाहीयेस. राजा वाईट नाही. त्याला फक्त वाटतं की आपल्यावाचून अडेल."

"अडलंच होतं," तो म्हणाला. चिमट्यात तार आली. त्यानं ती उजेडात धरून पाहिली. "मी नसतो तर दोन्ही मेली असती."

मला वाटतं तो वेशीबद्दल आणि शहराबद्दल बोलत होता. हा अर्थ संहितेत नाही, पण चूकही म्हणता येणार नाही. तसं त्याला सांगितलंही. डॉक्टर माझ्याकडे बघून हसला. खूप दिवसांनी हसला. म्हणाला, "तू ना, जन्माला आलास तेव्हा नकाशा मंजूर करून आला असशील." मग शेळी ओरडली आणि बोलणं तिथेच राहिलं.

घरी आल्यावर हे बायकोला जसंच्या तसं सांगितलं. 'दोन्ही मेली असती' हे तिनं मला दोनदा म्हणायला लावलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

बायको डॉक्टरकडे जाऊन आली. मला न सांगता. परत आली तेव्हा डोळे लाल. वारा होता, म्हणाली. इकडे झाडाचं पान हलत नव्हतं. पण असेल त्या बाजूला.

"येतायत ते," एवढंच म्हणाली.

"काय सांगितलंस असं?"

"म्हटलं, इतके दिवस मला टाळताय. नाटकात तरी विचारा."

"काय विचारायचं? त्या प्रवेशात राजाला एकही प्रश्न नाही. थेट विलाप आहे."

"हो, वाचलाय मी," बायको म्हणाली. "लांब आहे." आणि पोळ्या लाटायला गेली.

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ते दोघं एकमेकांना टाळतायत हे मला माहीत नव्हतं. काही भांडण झालं होतं का, विचारायला हवं. उद्या मुखवट्यांना दुसरा हात द्यायचाय.

१६ ऑक्टोबर, बुधवार

तालमी सुरळीत. डॉक्टर वेळेवर येतो, दूताच्या प्रवेशात उभा राहतो, विलाप शब्दन् शब्द म्हणतो. अगदी कोरडा म्हणतो, वजनकाट्यावर आकडा वाचल्यासारखा, पण नियमात कुठेही खोट नाही. गॅरेजवाल्याला मी शेवटचं सांगितलं की खांबाला धडकायचं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

काल प्रयोग झाला. लिहायला बसलोय, पण कुठून सुरू करू ते कळत नाही.

सभागृह भरलेलं. अर्धे लोक कपाटातल्या मामाच्या आशेनं आलेले. पहिला भाग उत्तम गेला. ज्योतिषी खांबाला धडकला. मुद्दामच, मी ओळखून आहे. पण कोणी हसलं नाही, कारण धडकताना तो म्हणाला, "राजा, मला दिसत नाही म्हणून मी धडकतो. तुझं काय?" हे संहितेत नाही. बरं होतं, म्हणून सोडून दिलं.

मग माझा प्रवेश. चालत गेलो, समोर उभा राहिलो. "राजा, राणी गेली."

इथे विलाप. लांब श्वास घेऊन 'हाय' म्हणायचं आणि दोन पानं बोलायचं. डॉक्टरनं काहीच म्हटलं नाही. मी वाट पाहिली. पडद्याआडून ग्रंथपालांनी "हाय" पुरवलं. पुन्हा पुरवलं. त्यांच्या आवाजात, म्हणजे कोणालाच ऐकू गेलं नाही.

मग डॉक्टरनं मुखवटा वर ढकलला, डोक्यावर. भर रंगमंचावर. मला म्हणाला, "तिनं काही विचारलं का?"

मी दूत. दूताला या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. मी ग्रंथपालांकडे पाहिलं, ते घाईघाईनं पानं उलटत होते. मी डॉक्टरकडे पाहिलं. त्याचा चेहरा घामानं भिजलेला होता आणि कपाळावर मुखवट्याचा वळ होता. मी दूताचा भाला या हातातून त्या हातात घेतला.

तेव्हा गायकवृंदाची प्रमुख पुढे आली. गायकवृंदानं आपली जागा सोडायची नसते.

"विचारलं," बायको म्हणाली.

"काय?"

"विचारलं, गाय व्यायली का?"

पहिल्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं. मग मागे. ग्रीक राजा, वेढा, आणि गाय! मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

डॉक्टर मात्र तिच्याकडेच बघत होता. "व्यायली," तो म्हणाला. "पाय आधी आले होते. मुंडकं मागे वळलेलं. वेळ लागला, वहिनी. कालवड झाली."

"तिला वाटलंच होतं. म्हणाली, 'होईल मोकळी. त्याचा हात हलका आहे.'"

आता कोणी हसत नव्हतं.

"रागावली होती?"

"छे हो. म्हणाली, 'आता येईल आणि सगळ्या दवाखान्यात गोठ्याचा वास करेल. मला आधी खिडकी उघडून ठेव.' मी उघडून ठेवली. मग ती झोपली."

लोक पुन्हा हसले, पण वेगळं. डॉक्टरही हसत होता. हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले आणि मग नुसते खांदेच हलत राहिले. तो खाली बसला. राजानं बसायचं नसतं. बायको त्याच्या शेजारी बसली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी दूत, मधोमध उभा, हातात भाला.

शेवटी आंधळा ज्योतिषी आतून आला. त्याचं काम केव्हाच संपलेलं होतं. काठी टेकत तो सरळ डॉक्टरपाशी गेला, एकदाही न चुकता, आणि त्याचा हात धरून म्हणाला, "चल राजा. घरी चल." दोघं आत गेले. ग्रंथपालांनी पडदा पाडला. तेवढं त्यांना वेळेवर सुचलं.

टाळ्या पुष्कळ वाजल्या. अध्यक्ष म्हणाले, शोकांतिकेत विनोद फार खुबीनं पेरलात. एका बाईंनी विचारलं, ते गाईचं मूळ ग्रीकमध्ये आहे का?

"पाठभेद आहे," मी म्हणालो.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मुखवटे वाचनालयाच्या माळ्यावर ठेवून आलो. समितीतले एक जण म्हणाले की नियम थोडे सैल झाले. मी म्हटलं, झाले. वाद घालावासा वाटला नाही.

येताना वाटेत एक गोष्ट लक्षात आली. त्या दिवशी बातमी सांगून मी गोठ्याबाहेर गाडीत बसून होतो. आत गाईचं काय झालं, हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. मला वाटायचं, विचारलं तर त्याला त्रास होईल. त्रास नक्की कोणाला झाला असता, देव जाणे.

डॉक्टरला फोन केला. म्हटलं, "कालवड कशी आहे?"

"आता आईएवढी दिसते ती," डॉक्टर म्हणाला. "येतोस का बघायला? चांगले बूट घालू नकोस." नंतर बराच वेळ तिच्याबद्दलच सांगत होता. मध्येच थांबला, मग वहिनींबद्दल सांगायला लागला. मी ऐकलं. फोन कानाशी धरून इतका वेळ मी कधी गप्प बसलो नव्हतो. त्यानं शेवटी विचारलं, "आहेस ना?"

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती, चहा टाकत होती. मी दारातच थांबलो. गेलं वर्षभर मी डॉक्टरचा विचार करत होतो: त्याचं मन कसं रमेल, त्याला बाहेर कसं काढता येईल. वहिनी तर हिचीच मैत्रीण होती. रोज संध्याकाळी दोघी फिरायला जायच्या. आणि त्या खोलीत ही एकटी होती. मी बातमी घेऊन निघालो तेव्हा दारातून तिला एवढंच म्हणालो होतो, की येतो.

"आणि तू?" मी म्हटलं.

"मी काय?"

"त्या दिवशी. खिडकी उघडलीस. मग?"

तिनं मागे वळून पाहिलं. मी थट्टा करतोय का, हे बघत असावी. मग तिनं गॅस बंद केला, हात पुसले आणि स्टुलावर बसली. मी समोरच्या पाटावर बसलो. गुडघे कुरकुरले.

ती पुष्कळ वेळ बोलली. ते इथे लिहीत नाही.

बोलून झाल्यावर नाक पुसत म्हणाली, "चहा राहिलाच."

मी उठलो आणि पुन्हा आधण ठेवलं. साखरेचा डबा सापडेना. तीन कपाटं उघडली. ती स्टुलावरून नुसती बघत होती, सांगत नव्हती. शेवटी म्हणाली, "शोधा, शोधा. प्रेक्षकांना माहीत आहे."